पायाला बांधलेलं गाव

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे, आणि जुना म्हणजे मेलेला. दचकू नका. मला मरून शंभराच्या वर वर्षं झाली, त्यात आता रडण्यासारखं काही उरलेलं नाही. रडण्यासारखं जे आहे ते माझ्या पायाला बांधलेलं आहे. तिथे दोऱ्याने एक पिवळी पडलेली चिठ्ठी लटकते आणि तिच्यावर सुबक अक्षरात एकच शब्द लिहिलेला आहे : बोगोता. तो शब्द खोटा आहे. मी बोगोताचा नाही. हे सांगायला मला चोच आहे, पण आवाज नाही.

आमच्या जातीला आमच्याकडे तोमिनेहो म्हणतात. फुलासमोर हवेत उभं राहून मध पिणारे आम्ही. एका जागी उभं राहण्यासाठी इतके कष्ट घेणारा दुसरा जीव नाही, सरकारी कचेरीच्या रांगेतला माणूस सोडला तर. माझी लांबी तुमच्या मधल्या बोटाएवढी. अंग हिरवं, त्यावर तांब्याची झाक, शेपटी निळी. गळ्यावर एक जांभळा डाग होता. उन्हाकडे वळलो की तो पेटायचा आणि सावलीकडे वळलो की काळा पडायचा. त्या डागाचा मला फार गर्व होता, तो आता सांगून टाकतो.

माझं घर सोचाकिरा गावाच्या डोंगरमाथ्यावर. तिथे जंगल संपतं आणि पारामो, म्हणजे वरचा गार, ओला, उघडा माळ सुरू होतो. जंगलाच्या त्या वरच्या कडेला एक झुडूप वाढायचं. त्याला लाल, बारीक नळीसारखी फुलं यायची. आमची चोच त्या फुलात बरोब्बर बसायची आणि त्या फुलाला दुसऱ्या कुणाची चोच चालत नसे. माळावर आणखी वर गेलो तर गारठून मरू, आणि खाली गेलो तर दांडगे तोमिनेहो टोचून हाकलून देत. त्यामुळे वर्षातले थोडे दिवस सोडले तर ती दोन हाकांच्या अंतराएवढी कड हेच आमचं सगळं जग होतं. माळावर फ्रायलेहोन उभे असत. फ्रायलेहोन हे झाडच, पण धुक्यात लांबून पाहिलं तर झगा घातलेला साधू उभा वाटतो. त्याच्या पानांवर दाट, मऊ लव असते. आमच्या माथ्यावरच्या फ्रायलेहोनची लव सोनेरी होती. दुसऱ्या माथ्यांवर ती पांढरी असते, करडी असते. प्रत्येक पारामोचा फ्रायलेहोन वेगळा. ही गोष्ट लक्षात ठेवा.

रात्री तिथे अशी थंडी पडे की आम्ही आमचं काळीज जवळजवळ थांबवून झोपत असू. पहाटे जाग यायची, ऐकू यायचं, पण ऊन अंगावर येईपर्यंत पंख हलायचा नाही. कुणी येऊन उचललं तरी काही करता येत नसे. जिवंत असताना ही लाचारी रोज तासभराची होती. पुढे ती कायमची झाली.

त्या काळी समुद्रापलीकडच्या बायकांना टोपीवर आख्खा पक्षी मिरवायची हौस आली होती. त्यामुळे आमच्या डोंगरांत घरोघरी शिकारी झाले. सोचाकिराचा देमेत्रिओ हा त्यातलाच एक. बाकीचे लोक फुंकणीतून मातीची गोळी मारत, त्याने पिसं फाटत. देमेत्रिओ पहाटे यायचा आणि पिकलेलं फळ तोडावं तसा आम्हाला फांदीवरून काढून घ्यायचा. मलाही त्याने असंच काढलं. त्याच्या तळहाताची ऊब लागली तेव्हा मला वाटलं, ऊन आलं. तेवढंच आठवतं.

पुढचं काम त्याची आई एउफ्रासिया करायची. कातडी सोलायची, आत कापूस भरायचा, टाका घालायचा. त्या दिवशी तिची कापसाची थैली रिकामी होती.

"आता गं?" देमेत्रिओ म्हणाला. "खेचरवाला उद्या निघणार."

"उशी आहे की माझी." तिने उशीचा कोपरा उसवला. आत फ्रायलेहोनची सोनेरी लव होती, सोचाकिरात सगळ्यांच्या उशांत तीच असे. चिमटीने ती माझ्यात भरताना ती मला म्हणाली, "सुमेर्से, माफ करा हं."

सुमेर्से म्हणजे आमच्याकडचं 'आपण', 'मालक', 'महाराज', सगळं एकात. आई मुलाला म्हणते, गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणतं.

"मेलेल्या पाखराला कसलं सुमेर्से!" देमेत्रिओ हसला.

"का? तुला म्हणतेच ना? तू काय ह्याच्यापेक्षा देखणा लागून गेलास?"

मग तिने माझा गळा उजेडाकडे वळवून पाहिला. "हा उपासकरी," ती म्हणाली. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, तेव्हा आमच्या चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. त्याच दिवसांत आम्ही गळ्यात जांभळं घालून खाली कुंपणांपर्यंत उतरायचो, म्हणून गावाने आमचं हे नाव ठेवलं होतं. "चिठ्ठीवर नीट लिहून घ्यायला सांग त्या बोगोताच्या शेटला. उपासकरी, सोचाकिराच्या माथ्याचा. विसरशील बघ."

"नाही विसरत."

आणि तो विसरला नाही, मित्रांनो. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून खेचरामागून चालताना तीन दिवस तो ते तोंडाने घोकत होता. 'उपासकरी, सोचाकिराच्या माथ्याचा.' पेटीत पडल्या पडल्या मी ते ऐकत होतो. माझी ओळख माझ्याबरोबर चालली आहे, याचं मला फार बरं वाटत होतं.

बोगोतात बेनान्सिओ नावाच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं. त्याच्यापुढे चिठ्ठ्यांचा ढीग आणि दौत होती. देमेत्रिओने टोपी काढून पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं.

"सोचाकिरा? हे कुठे आलं?"

"वर. तीन दिवसांच्या वाटेवर. हा तिथेच असतो, सुमेर्से, दुसरीकडे नसतो."

"अरे बाबा, तिकडच्या लोकांना बोगोता म्हणता म्हणता जीभ अडखळते. सोचाकिरा कोण वाचणार?" बेनान्सिओने टाक बुडवला. "जहाजात चढले की सगळे पक्षी बोगोताचेच."

"जशी सुमेर्सेंची मर्जी," देमेत्रिओ म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

बेनान्सिओ काही दुष्ट नव्हता. त्या दिवशी त्याने उत्तरेच्या, दक्षिणेच्या, उष्ण दऱ्यांतल्या, बर्फाजवळच्या, सगळ्या पक्ष्यांच्या पायाला बोगोताच बांधलं. बोट दुखलं म्हणून मधे दोनदा उठून त्याने गुळाचं पाणी घेतलं. एवढंच घडलं. माझं गाव माझ्यापासून हिरावलं गेलं ते असं, कुणाचाही राग किंवा वैर नसताना.

माझी पेटी जहाजात चढलीच नाही. समुद्रापलीकडे महायुद्ध पेटलं आणि बायकांच्या टोपीवरचे पक्षी उडाले. पुढे गोदाम विकताना ती पेटी धर्मगुरूंच्या एका कॉलेजला दान केली गेली. तिथल्या काचेच्या कपाटात मी किती वर्षं बसलो, कोण मोजणार? मुलं यायची. काचेला नाक लावून "केवढा इवलासा!" म्हणायची. मग खालची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, "बो-गो-ता." आणि मी मनात म्हणायचो, नाही रे, नाही. मग मुलं येईनाशी झाली. कपाट माळ्यावर गेलं. शेजारच्या पक्ष्यांना कसर लागली आणि एकेकाची पिसं गळून खाली भुस्सा झाला. मला का सोडलं माहीत नाही. बहुधा माझ्या पोटातल्या लवेची चव कसरीला आवडली नसावी.

मग एके दिवशी लिसान्द्रो नावाच्या प्राध्यापकांनी ते कपाट उघडलं. त्यांनी मला खिडकीशी नेलं, माझा गळा उन्हाकडे वळवला, सावलीकडे वळवला, पुन्हा उन्हाकडे वळवला. त्यांनी जाडजूड पुस्तकं काढली, माझी चोच मोजली, शेपटीची पिसं मोजली, जगभरच्या संग्रहांना पत्रं लिहिली. वर्षभराने नक्की झालं की माझ्यासारखा पक्षी दुसऱ्या कुणाकडेही नाही. माझी जात माणसांच्या पुस्तकात नवी होती. मित्रांनो, त्या दिवशी मी केवढा फुगलो! दिसायला नाही, मनातून.

लिसान्द्रोंना आता एकच गोष्ट हवी होती. हा पक्षी जिवंत कुठे आहे? कारण त्या दिवसांत डोंगरमाथे भराभर नांगरले जात होते, आणि सरकारने सांगितलं होतं की ज्या माथ्यावर हा पक्षी दिसेल तो माथा राखून ठेवू. म्हणजे माझे भाऊबंद जगायचे की नाही, हे एका पत्त्यावर ठरणार होतं. आणि पत्ता माझ्या पायाला बांधलेला होता.

दर जानेवारीत, कोरड्या दिवसांत, लिसान्द्रो कॉलेजच्या पोरांना घेऊन बोगोताच्या भोवतालचे डोंगर चढायचे. परत आल्यावर चिखलाच्या बुटांनीच माझ्याकडे यायचे. "कुठे लपलायस रे?" असं विचारायचे. अकरा वर्षं त्यांनी हे केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं होतं ते. उत्तर माझ्या पोटात भरलेलं होतं आणि ते डोंगर धुंडाळत होते. मी ओरडत होतो, उत्तरेला जा, सोचाकिराला जा! पण पहाटेच्या फांदीवर व्हायचं तेच व्हायचं. सगळं कळायचं, हलता यायचं नाही.

लोक हसायला लागले. बार्रागान नावाचे दुसरे प्राध्यापक होते, ते दारातूनच ओरडायचे, "लिसान्द्रो, पक्षी नाही तो, खेचर आहे खेचर! दोन जातींचं कुठेतरी जमलं आणि हे एकच पोर झालं. खेचराला कुठे गाव असतं होय?"

त्या टोमण्यांमुळे लिसान्द्रो मला जास्तच जपायला लागले. त्यांनी मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, डबा खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. माझ्याशिवाय त्यांच्याकडे पुरावा नव्हता. कुणी हात लावू नये, अशी ताकीद होती. त्यांच्या प्रेमाला मी नावं ठेवत नाही. पण ज्या बाईने माझं गाव पहिल्या दिवशीच ओळखलं असतं, ती त्या खोलीतच होती आणि तिला मला शिवायची परवानगी नव्हती.

तिचं नाव एदेलमिरा. संग्रहाची झाडलोट करणं आणि डांबरगोळ्या बदलणं हे तिचं काम. लिसान्द्रो निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ते खण दुरुस्तीला काढले. माझा खण अडकला, सुताराने हिसका दिला, डबा जमिनीवर पडून उघडला आणि माझा शंभर वर्षांचा टाका उसवला. एदेलमिरा घाबरून खाली वाकली. मग तशीच वाकून राहिली. तिने माझ्या पोटातून बाहेर आलेली लव दोन बोटांत धरली आणि नाकाशी नेली.

ती रडायला लागली. सुतार म्हणाला, "ताई, एवढं काय झालं, शिवता येईल ते."

"अहो, हा माझ्या आजीच्या उशीचा वास आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी ती लिसान्द्रोंच्या घरी गेली. मला पदराखाली धरावं तसं तिने रुआनाखाली, म्हणजे आपल्या लोकरी घोंगडीखाली, धरलं होतं. म्हातारे लिसान्द्रो खुर्चीत बसून सूप पीत होते.

"डॉक्टर, रागवू नका. हा कापूस नाही."

"जुना कापूस पिवळा पडतो, एदेलमिरा."

"पिवळा पडतो, सोनेरी होत नाही. ही फ्रायलेहोनची लव आहे. मी सहा वर्षांची होईपर्यंत हिच्यावर झोपले. बोगोताच्या डोंगरांवर ही पांढरी असते, डॉक्टर. सोनेरी फक्त आमच्याकडे."

"आमच्याकडे म्हणजे?"

"सोचाकिरा."

मित्रांनो, त्या खोलीत तो शब्द उच्चारला गेला तेव्हा मी मेलेला नसतो तर आनंदाने मेलो असतो. लिसान्द्रोंनी चमचा खाली ठेवला. झाडांच्या जाणकाराने चिमूटभर लव भिंगाखाली पाहिली आणि एदेलमिराचं म्हणणं खरं ठरवलं. आठवड्याभरात आम्ही तिघं निघालो. हो, मलाही नेलं, त्याच बिस्किटांच्या डब्यात. गावच्या म्हाताऱ्यांना दाखवायला.

बसने एक दिवस, मग दुधाच्या गाडीतून अर्धा दिवस. एदेलमिराचे चुलत आजोबा मिसाएल अंगणात बटाट्यांची पोती शिवत बसले होते. तिने डबा उघडला. शंभर वर्षांनी माझ्यावर माझ्या डोंगरांचं ऊन पडलं. गळा पेटला असावा, कारण म्हाताऱ्याचा दाभण तसाच हवेत राहिला.

"अगं, हा तर उपासकरी!"

लिसान्द्रोंनी हातातली काठी घट्ट धरली. "तुम्ही ओळखता?"

"न ओळखायला काय झालं, सुमेर्से? इथे ह्या कुंपणावर यायचे. माझी आई म्हणायची, मूर्ती झाकल्या, आता उपासकरी येतील."

"यायचे?" लिसान्द्रो म्हणाले.

मिसाएलआजोबांनी माथ्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. जंगलाची वरची कड कुठे दिसत नव्हती. खालपासून माळापर्यंत बटाट्याच्या सऱ्या होत्या, सरळ आणि स्वच्छ. फार नीट शेती होती ती.

"वर ती लाल फुलांची झुडपं होती ना, ती काढली," म्हातारा म्हणाला. "शेवटचा पाहिला तो माझ्या लेकीच्या, लुसिलाच्या लग्नाच्या साली. ह्याच खांबावर बसला होता एकटाच. पाहुणे म्हणाले, शकुन चांगला."

"लुसिलाआत्याचं लग्न..." एदेलमिराने बोटांवर मोजलं आणि ती थांबली. तिला ते लिसान्द्रोंना सांगायचं नव्हतं. पण त्यांनी तिच्या बोटांबरोबर मोजलं होतं.

"माझी नववी सफर," ते म्हणाले. "त्या वर्षी आम्ही बोगोताच्या दक्षिणेला होतो. ऐन कोरड्या दिवसांत आठ दिवस पाऊस. तंबू वाहून गेला."

मिसाएलआजोबा जरा चिडून म्हणाले, "आता येताय होय? वरातीमागून घोडं! आम्हाला काय माहीत, हा कुणाला हवा आहे म्हणून? बटाटा हवा असला तर लोक येऊन सांगतात, बटाटा लावा. पाखरू हवंय म्हणून एक माणूस आला असता, तर मी वरची पट्टी सोडली नसती का? आमच्या गावाला कुणी विचारायलाच आलं नाही, सुमेर्से."

"गावाचं नाव नव्हतं आमच्याकडे," लिसान्द्रो म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली. देमेत्रिओनेही अशीच टोपी काढली होती, शंभर वर्षांपूर्वी, व्यापाऱ्यापुढे.

तरी ते शोधत राहिले. मिसाएलआजोबांनी नातवंडांना कामाला लावलं, एदेलमिरा सऱ्यांच्या कडेकडेने ओढ्यापर्यंत गेली. एका घळीत, जिथे नांगर जात नाही तिथे, तिला त्या झुडपाची सात रोपं सापडली. फुलं आलेली होती. ती तिथे दोन दिवस बसली. मला शेजारी दगडावर ठेवलं होतं. फुलं माझ्यापासून हातभर लांब होती आणि त्यांच्यात मध असणार हे मला दिसत होतं. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी लिसान्द्रोंना ताप भरला आणि आम्हाला परतावं लागलं. निघताना मिसाएलआजोबांनी घळीच्या तोंडाला काटेरी तार ओढली. "गाई नाही शिरायच्या आता," ते म्हणाले. "बाकी देवाला ठाऊक."

मित्रांनो, आता माझ्या पायाला दोन चिठ्ठ्या आहेत. जुनी काढत नाहीत, तसा नियम आहे. नवी एदेलमिराने लिहिली, कारण लिसान्द्रो अजून अंथरुणावर होते. त्यांनी सांगितलं आणि तिने शब्दन् शब्द लिहिला : 'उपासकरी. सोचाकिरा, जंगलाची वरची कड. इथे राहत होता.' शेवटचा शब्द लिहिताना ती थांबली होती. "होता, डॉक्टर?" तिने विचारलं. ते म्हणाले, "लिहा." त्याच पावसाळ्यात ते गेले. एदेलमिरा दर वर्षी उपासाच्या दिवसांत सुट्टी काढून त्या घळीशी जाऊन बसते. परत आली की डांबरगोळी बदलते आणि माझ्याकडे बघून मान हलवते. मग मला कळतं, याही वर्षी नाही.

तुम्ही शाळेत दगड जमवाल, पानं जमवाल, कुणाची गोष्ट लिहून घ्याल, कुणाला तुझं गाव कोणतं म्हणून विचाराल. तेव्हा तो जे सांगेल तेच लिहा. नाव अवघड असलं तरी लिहा, बोट दुखलं तरी लिहा. ज्याला बोलता येत नाही त्याचं गाव तर दोनदा तपासून लिहा, कारण तुमची चूक तो कधीच दुरुस्त करू शकणार नाही.

माझ्या पायातली पहिली चिठ्ठी खोटी होती, म्हणून मी शंभर वर्षं तळमळलो. दुसरी चिठ्ठी खरी आहे असं सगळे म्हणतात. आणि मी, ज्याला एवढं मोठं खोटं भोवलं तो मी, आता या खणात पडून रोज एकच मागणं मागतो, की ही दुसरी चिठ्ठी तरी खोटी ठरू दे.